कार्यशाळेतली यादी आणि काउंटरवरची वही

नमस्कार ताई,

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नोकरीला २३ वर्षं झाली. तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, हाताने लिहिली, मग तीच संगणकावर चढवली, बारकोड लावले. तिथवर सगळं निभावलं. मध्यंतरी आम्हाला आधुनिक ग्रंथालयसेवा आणि वेबसाधनं या विषयावरच्या कार्यशाळेला पाठवलं. तिथून तीसेक साधनांची यादी घेऊन आले. ब्लॉग, चॅट, पॉडकास्ट, क्यूआर कोड, संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर, एआय, काय नाही त्यात! उत्साहाच्या भरात निम्म्यांवर खाती उघडली. आता कुठलं कशासाठी होतं ते आठवत नाही, पासवर्ड तर नाहीच नाही. फेसबुकवर ग्रंथालयाचं पान काढलं, चार पोस्ट टाकल्या, पुढे काही सुचेना. प्राचार्य म्हणतात, ‘सत्र संपायच्या आत काहीतरी दिसू द्या.’ हाताखालचा साहाय्यक पंचविशीतला आहे, त्याला हे सगळं येतं. पण त्याला किती वेळा विचारायचं? परवा तो म्हणाला, ‘मॅडम, द्या इकडे, मीच करतो,’ आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं. पन्नाशीत हे जमतं का? आणि सुरुवात कुठून करू?

— एक ग्रंथपाल

प्रिय ग्रंथपालताई,

ती यादी आधी खणात ठेवा. फाडू नका, पुढे कधीतरी लागेल. पण तिला अभ्यासक्रम समजू नका. ‘सध्या बाजारात काय आहे’ एवढंच अशा यादीतून कळतं. तुमच्या वाचकाचं कुठे अडतं, याची तिला गंधवार्ता नसते. तीस साधनं एकदम शिकायला बसलं की पंचविशीतल्यालाही ती पचत नाहीत. फरक इतकाच, की तो अर्धवट सोडून देतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

यादीच्या जागी एक साधी वही घ्या आणि देवघेवीच्या काउंटरवर ठेवा. दोन आठवडे वाचक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘संदर्भसेवा’, ‘तालिकाशोध’ असे आपले मथळे त्या प्रश्नांना देऊ नका. ‘मॅडम, ते निळ्या मुखपृष्ठाचं अर्थशास्त्राचं पुस्तक कुठंय?’ असं विचारलं, तर तसंच उतरवा. साहाय्यकालाही लिहायला सांगा. वहीत काय येईल याचा अंदाज मला आहे, तुम्हालाही असेल: पुस्तक आहे का, बाहेर गेलंय तर कधी येईल, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतील, घरून लेख उघडत नाही, प्रकल्पाच्या शेवटी संदर्भसूची कशी लिहायची. पण अंदाज असणं आणि ‘संदर्भसूची’ हा प्रश्न एकाच आठवड्यात पानभर भरलेला दिसणं, यात फरक आहे. ज्या प्रश्नाची पानं भरतील, त्याच्यासाठीचं साधन आधी शिकायचं. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचं चौथं सूत्र १९३१ सालचं आहे. तेव्हा ग्रंथालयात संगणक नव्हता, पण साधन निवडायची कसोटी आजही तीच पुरते.

याद्यांविषयी थोडा इतिहास सांगते, म्हणजे दडपण उतरेल. २००६ साली अमेरिकेतल्या शार्लट-मेक्लेनबर्ग सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी एक उपक्रम आखला होता. वेबवरच्या २३ छोट्या गोष्टी प्रत्येकाने आपापल्या वेळात स्वतः करून बघायच्या आणि काय जमलं, काय नाही, ते ब्लॉगवर लिहायचं. पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेयर बक्षीस होता! ‘२३ गोष्टी’ हा नमुना पुढे जगभरातल्या ग्रंथालयांनी उचलला. मला तो आजही आवडतो, कारण त्यात व्याख्यान नव्हतं, हात घालून बघणं होतं. पण ती मूळ यादी आज काढून बघा. आवडलेल्या वेबपानांच्या खुणा साठवायला डिलिशियस होतं. ते एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जात राहिलं आणि २०१७ नंतर नव्या खुणा घेणं बंद झालं. फीड, म्हणजे संकेतस्थळांवरच्या नव्या मजकुराची आपोआप येणारी यादी, वाचायला ब्लॉगलाइन्स होतं. तेही गेलं आणि त्याच्या जागी लोकांनी धरलेलं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं. कितीतरी ग्रंथालयांनी ‘ग्रंथपालांना विचारा’ म्हणून संकेतस्थळावर मीबोची चॅटखिडकी बसवली होती. २०१२ साली गूगलने मीबो विकत घेतलं आणि ती खिडकीही गेली.

ज्यांनी त्या वेळी फक्त बटणं पाठ केली, त्यांच्या हाती काही उरलं नाही. फीड म्हणजे काय, वाचकाने स्वतःच्या शब्दांत दिलेली खूण आणि आपण ठरलेल्या शब्दांत दिलेलं विषयशीर्षक यांत फरक काय, चॅटवर विचारलेल्या प्रश्नाला किती वेळात उत्तर द्यावं लागतं, हे ज्यांना उमगलं, त्यांना पुढचं साधन शिकायला एक दुपार पुरली. तुमच्या यादीतलीही बरीच नावं काही वर्षांत दिसणार नाहीत. तेव्हा मागे पडलो म्हणून धावू नका.

आता तुमच्या हातात काय आहे ते बोलू, कारण पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उडवून टाकलंत. ‘तालिकापत्रं हाताने लिहिली’ म्हणे! अहो, ग्रंथालयातली बहुतेक वेबसाधनं शेवटी त्या नोंदींवरच उभी असतात. हेन्रिएट अ‍ॅव्रम यांनी १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मार्क ही नोंदपद्धत उभी केली, तेव्हा तालिकापत्रावरचीच माहिती यंत्राला वाचता येईल अशी मांडली. १०० क्रमांकाच्या खणात लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय, ०२० मध्ये आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. मुख्य नोंद कुणाच्या नावाने करायची हे तुम्हाला विचार न करता कळतं. तुमच्या साहाय्यकाला शोधखिडकीत टाइप करता येतं. पण शोध रिकामा का आला, हे बहुधा तुम्हालाच सांगता येईल.

म्हणून पहिलं काम नव्या साधनाचं नाही. वहीतले दहाबारा प्रश्न घ्या, स्वतःचा मोबाईल काढा, ग्रंथालयाच्या वाय-फायवरून बाहेर पडा आणि बाहेरचा वाचक शोधेल तसं आपल्याच ऑनलाइन तालिकेत शोधा. कर्मचाऱ्यांच्या लॉगिनने शोधू नका, त्यात वेगळं दिसतं. मोबाईलच्या पडद्यावर तालिका उघडते तरी का, इथपासून सुरुवात होईल. मग एकेक गोष्ट निघेल. एकच लेखक तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी नोंदलेला: कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव. वाचकाला त्यातली एकच तऱ्हा सुचते आणि त्याला वाटतं, ग्रंथालयात या लेखकाचं एकच पुस्तक आहे. २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी आहे. वाचक कुठल्या तरी संकेतस्थळावरून १३ अंकी क्रमांक उचलून आणतो, तुमच्या नोंदीत १० अंकी असतो आणि प्रणाली स्वतःहून जुळवून घेत नसेल, तर पुस्तक कपाटात असून सापडत नाही.

देवनागरीतल्या नोंदी तर मुद्दाम बघा. युनिकोड ही सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी टंकलेली यादी जुन्या फाँटमध्ये असेल, तर पडद्यावर ती मराठी दिसेल, पण आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा असतो. तो शोधात कधीच सापडणार नाही. नोंद निवडा, कॉपी करा आणि मोबाईलवरच्या साध्या संदेशात चिकटवा. तिथे मराठी दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर त्या नोंदी परिवर्तकातून, म्हणजे जुना फाँट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, युनिकोडमध्ये आणाव्या लागतील आणि नंतर डोळ्यांखालून घालाव्या लागतील, कारण परिवर्तक जोडाक्षरांवर आणि रफारावर हमखास घसरतात. हे काम कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही. पण माझ्या मते तुमच्या ग्रंथालयाचं आधुनिकीकरण बहुतांश हेच आहे.

त्यातही सगळा संग्रह एकदम हाती घेऊ नका. वहीत ज्या पुस्तकांचे प्रश्न आले, ती आधी. वर्षातून एकदाही न निघणाऱ्या कपाटाची पाळी शेवटी.

याच्या जोडीला एक साधन शिका. एकच. महाविद्यालय आहे म्हणता आणि संदर्भसूचीचे प्रश्न येणार हे मी धरून चालते, तर झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली ते सुरू झालं, मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. ब्राउझरमध्ये त्याची एक कळ बसते. लेखाच्या पानावर ती दाबली की लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष सगळं उचलून साठवतं आणि वर्डमध्ये लिहिताना हव्या त्या पद्धतीने संदर्भ मांडतं. शिकताना सरावाची खोटी यादी घेऊ नका. या महिन्यात दाखल झालेली पुस्तकं झोटेरोत घाला, विषयवार खण पाडा. शिकणंही होईल आणि महिनाअखेर नवीन ग्रंथांची यादी आयती तयार असेल. ती सामायिक गटात ठेवली तर प्राध्यापकांना स्वतःच बघता येईल.

पण ते जे उचलतं, ते तपासावं लागतं. कुठे पानांचे क्रमांक गळतात, कुठे लेखकाचं नाव आणि आडनाव उलटं बसतं, कुठे प्रकाशकाच्या जागी संकेतस्थळाचं नाव येतं. विद्यार्थी ते तसंच छापतो. तुमच्या नजरेला ते पहिल्या सेकंदात खटकेल. मुलांना झोटेरो शिकवायचं ते नेमकं इथे. कळ कुठली दाबायची हे त्यांचं ती शोधतील.

कुठलंही साधन घेण्याआधी त्याचं मागचं दार बघून ठेवा, म्हणजे त्यात भरलेली माहिती पुन्हा बाहेर काढता येते का. झोटेरोतून आरआयएस किंवा सीएसव्ही या, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या, फायली काढता येतात; ग्रंथालय प्रणालीतून मार्कच्या रूपात नोंदी निघाल्या पाहिजेत. जिथे ‘निर्यात’ ही सोय नाही, तिथे वर्षभराची मेहनत टाकू नका. खातं कुणाच्या नावावर आहे तेही बघा. साहाय्यकाच्या खासगी ईमेलवर ग्रंथालयाचं पान काढलेलं असेल आणि उद्या तो दुसरीकडे लागला, तर चावी त्याच्या खिशात गेली. ग्रंथालयाचा एक संस्थेचा ईमेल हवा आणि तो उघडता येईल अशी निदान दोन माणसं हवीत.

पासवर्डचं ओझं डोक्यात वागवू नका, आणि सगळीकडे एकच पासवर्ड तर अजिबात नको. पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर असतं, कीपास मोफत आहे. एक मोठा पासवर्ड तेवढा लक्षात ठेवायचा. उत्साहात उघडलेली आणि आता नको असलेली खाती मात्र नुसती सोडून देऊ नका, रीतसर बंद करा. त्यात तुमचं नाव, फोन क्रमांक आणि कदाचित सभासदांची माहितीही पडून आहे.

सभासदांवरून आठवलं. ऑनलाइन फॉर्म बनवणं इतकं सोपं झालंय की जो तो जन्मतारखेपासून पत्त्यापर्यंत सगळं विचारत सुटतो. पुस्तक राखून ठेवायला सभासद क्रमांक आणि पुस्तकाचं नाव पुरे. कुणी काय वाचलं, हे आपण काउंटरवरही शेजारच्याला सांगत नाही; तोच नियम वेबवर. थकबाकीदारांची यादी ‘जरा नीट लावून दे’ म्हणून एआयच्या खिडकीत चिकटवायचा मोह होईल. तो आवरा.

एआयचं तुम्ही यादीत ओझरतं लिहिलंय, पण तुमच्या काउंटरवर ते येऊन ठेपलं असणार. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि ग्रंथपालांपुढे एक नवाच वाचक उभा राहिला. त्याच्या हातात छापील यादी असते, लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, खंड आणि पानं व्यवस्थित, आणि असा लेखच अस्तित्वात नसतो. ही यंत्रं पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य घडवतात. संदर्भ कसा दिसतो हे त्यांना ठाऊक असतं, तो खरोखर आहे का, हे ती स्वतःहून ताडून बघतीलच असं नाही. तुम्ही अर्धा तास कपाटं धुंडाळाल आणि मुलगा म्हणेल, ‘तुमच्याकडे काहीच नसतं.’

यावरचा उपाय तुमच्या पिढीला तोंडपाठ आहे, फक्त जागा बदलल्या. संदर्भाला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, दिला असेल तर तो डीओआय डॉट ऑर्गवर टाका. खोटा असेल तर उघडणार नाही, किंवा भलताच लेख उघडेल, आणि हा दुसरा प्रकार जास्त फसवतो, म्हणून शीर्षक ताडून बघा. डीओआय नसेल तर क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या शोधात शीर्षक घाला. पुस्तक असेल तर वर्ल्डकॅट, जिथे जगभरातल्या ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र आहेत. तरीही नाही मिळालं, तर त्या नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका काढून त्याला दाखवा, की बाळा, हे पान दुसऱ्याच लेखाचं आहे. हे एकदा मुलांसमोर पडद्यावर करा. वर्गातल्या व्याख्यानापेक्षा ते जास्त लक्षात राहतं, आणि मॅडमना काय येतं, हेही त्यांना कळतं. एआय वापरूच नका, असं मात्र सांगत बसू नका. कुणी ऐकणार नाही. एखाद्या विषयाला कोणकोणते शब्द वापरून शोधता येईल, हे त्याला विचारायला हरकत नाही; तुम्हीही विचारा.

साहाय्यकाचं. ‘द्या इकडे, मीच करतो’ हे त्याने मदत म्हणूनच म्हटलं असेल. घाईत असलेला माणूस असाच बोलतो. त्याला स्पष्ट सांगा: ‘तू बोल, माउस माझ्या हातात राहू दे.’ एवढ्या एका अटीने निम्मं काम होतं, कारण बघून आलेलं दुसऱ्या दिवशी जातं, हाताने केलेलं राहतं. केलेल्या पायऱ्या तुमच्या शब्दांत लिहून काढा. पुढच्या वेळी त्याला विचारण्याआधी ते पान बघा. आणि त्याच्याकडून फुकट घेतल्यासारखं वाटत असेल, तर रोज पंधरा मिनिटं त्याला वर्गांक आणि विषयशीर्षकं शिकवा. त्याला त्याची गरज आहे, नुसत्या भराभर चालणाऱ्या बोटांवर कुणी ग्रंथपाल होत नाही. ‘मला हे येत नाही, दाखव’ असं वरिष्ठाने म्हटल्याने मान जातो, हे मला पटत नाही. न येणारं काम येतंय असं दाखवण्याने मात्र जातो, आणि हाताखालच्यांना ते फार लवकर कळतं.

पन्नाशीत जमतं का, या प्रश्नाला मी वेगळं उत्तर देणार नाही. कार्डांवरून संगणकावर तुम्ही सगळा संग्रह नेलात. झोटेरो त्यापुढे किरकोळ आहे.

फेसबुकचं पान बंद करा. चार पोस्टनंतर गप्प पडलेलं पान बघून लोकांना ग्रंथालयच बंद पडलंय असं वाटतं. त्यापेक्षा पान नसलेलं बरं. पुढे कधी सांगण्यासारखं नियमित काही असेल आणि ते सांगणारा ठरलेला माणूस असेल, तेव्हा पुन्हा काढता येईल. त्याऐवजी पाच मिनिटांचं एक काम करा. ऑनलाइन नकाशावर तुमच्या ग्रंथालयाचं नाव शोधा आणि तिथे दिलेल्या वेळा, फोन क्रमांक बरोबर आहेत का ते बघा. कित्येक लोक तेवढंच बघून यायचं की नाही ते ठरवतात.

प्राचार्यांना ‘काहीतरी दिसायला’ हवंय, तर त्यांना साधनांची नावं सांगू नका. वहीची दोन पानं ठेवा त्यांच्यापुढे, एक सुरुवातीचं, एक सत्रअखेरचं. आधी ‘पुस्तक सापडत नाही’ म्हणून किती जण काउंटरवर आले, नोंदी दुरुस्त केल्यावर किती आले. संदर्भसूचीसाठी किती मुलांना बसवून शिकवलं. आकडे छोटे असले तरी चालतील, खरे असू द्या. आणि त्यांना दाखवायला भिंतीवर काही लागणारच असेल, तर क्यूआर कोड लावा, तो त्यांना दिसतो.

त्याबद्दल एक सावधगिरी. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीने वाहनांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला हा कोड काढला. तो बनवायला पैसे पडत नाहीत. पण मोफत कोड बनवून देणारी काही संकेतस्थळं थेट तुमच्या पानाचा पत्ता कोडमध्ये न घालता स्वतःच्या पत्त्यावरून वळवतात आणि मुदत संपली की पैसे मागतात. तोवर तुम्ही कोड छापून, लॅमिनेट करून सगळ्या मांडण्यांवर चिकटवलेला असतो. म्हणून कोड स्कॅन करून आधी कुठला पत्ता दिसतो ते वाचा. तिथे तुमच्याच संकेतस्थळाचं नाव हवं. आणि लावायचा तर वाचक जिथे अडतो तिथे लावा. नियतकालिकांच्या कपाटापाशी त्यांच्या ऑनलाइन अंकांचा, प्रश्नपत्रिकांच्या खणापाशी प्रश्नपत्रिकांच्या पानाचा. प्रवेशद्वारावर संकेतस्थळाच्या मुख्य पानाचा लावू नका. तिथवर आलेला माणूस आत येऊन तुम्हालाच विचारेल.